दुसरं पाकीट

"एक बाई बिमार आन् बाकडं दोन्हीसले. सरकस बी नही," दवाखान्याच्या गर्दीतून, मागून कुणीतरी पुटपुटलं. मग थोडं मोठ्यानं, "सांगीसन तरी काय उपेग? यासले आपली बोली थोडीच समजस."

पुटपुटणारी इतकी जवळ उभी होती की तिच्या तोंडातल्या मशेरीचा वास सुग्राबीच्या नकाबातून आत येत होता. सुग्राबीनं मान वळवली. साठीची, नऊवारीतली बाई. डाव्या पायावरचा भार उजव्यावर आणि उजव्यावरचा डाव्यावर करत उभी होती. सुग्राबीनं शेजारी बसलेल्या सुनेला, तस्लीमला, कोपरानं सरकवलं आणि वीतभर जागा केली.

"समजस वं बहीन," ती म्हणाली. "बठ. मना बाप कापूस पिंजे, बाकडं त्यानं नही शे."

बाई बसली खरी, पण बराच वेळ तिला कुठं पाहावं ते कळेना. मग तिनंच गाव विचारलं. पारोळ्याच्या अलीकडचं की पलीकडचं हे ठरेपर्यंत दोघी एकमेकींच्या गावच्या विहिरीपर्यंत पोचल्या होत्या. तिचं नाव धुरपदाबाई. सुग्राबीच्या बापानं पिंजलेल्या कापसाच्या गादीवरच आपण लग्नानंतर पहिल्यांदा झोपलो असणार, असं तिनं साल-बिल लावून सांगितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. गावात पिंजाऱ्यांची घरं दोनच, आणि बोली सगळ्या गावाची एक. सुरतेत आल्यावर मात्र बुरख्याच्या आतून अहिराणी ऐकू आली की लोकांना भिंत बोलल्यासारखं वाटतं.

मग धुरपदाबाईचे गुडघे निघाले. गुडघ्यांत वाटी झिजली होती, कडोदऱ्याच्या कोणा वैद्यानं दिलेलं तेल लावून कातडी सोलली होती, आणि सून म्हणते, ही बसूनच सगळं हातात मागते. आजूबाजूच्या चार-पाच जणींनीही त्यात आपापलं तेल ओतलं. सुग्राबी ऐकत होती. गुडघ्याचं दुखणं किती सुखाचं, असं तिच्या मनात आलं. बाकड्यावर बसून वाटून घेता येतं.

"आन् तुमनं काय?" धुरपदाबाईनं विचारलं.

"पोरले कमजोरी शे," सुग्राबी म्हणाली. तिचं नेहमीचं उत्तर होतं ते. तस्लीमनं बुरख्याच्या आत ओटीपोटावर दाबून धरलेला हात काढला नाही.

सुग्राबीला महापालिकेच्या या दवाखान्यात सगळे ओळखत. स्वतःच्या दुखण्यासाठी ती इथं क्वचितच आली असेल, पण खाडीच्या काठच्या त्यांच्या गल्लीतून कोणतीही बाई दवाखान्यात निघाली की सोबतीला सुग्राबी. एकटीनं जायची पद्धत नाही आणि नवऱ्याला घेऊन जायची तर त्याहून नाही. कंपनीतून दांडी मारून नवरा बायकोच्या 'तसल्या' दुखण्यासाठी रांगेत उभा राहिला, असं गल्लीनं अजून पाहिलेलं नाही. जी आजारी ती बुरख्यात मान खाली घालून बसते, बोलते सुग्राबी. कुठं दुखतं, कधीपासून, अंगावरून पांढरं जातं की पिवळं, वास येतो का, सगळं तीच सांगते, दुसऱ्याच्या दुकानातला माल सांगावा तसं. मूळ मालकीण फक्त मान हलवते.

ही सोबत उगाच नव्हती. बाजारातल्या एका खासगी दवाखान्यातला कंपाउंडर बुरखेवाल्या पोरींना केसपेपर देताना विचारायचा, तुमच्यात चार असतात ना, तुझा नंबर कितवा? एक पोरगी तिथून उठून आली ती पुढे दुखणं अंगावर काढत राहिली, दवाखान्याचं नाव काढेना. सुग्राबी दुसऱ्या एकीला घेऊन गेली तेव्हा त्यानं तेच विचारलं. आधी घरी जाऊन बायकोला विचारून ये, तुझा कितवा, असं तिनं त्याला सांगितलं. त्या दिवसापासून गल्लीनं तिला नेमून टाकलं. पगार नाही, पण मान होता. सकाळी साड्यांवर खडे चिकटवायला बसलेल्या बायांच्या घोळक्यात तिच्यासाठी उजेडाची, दाराजवळची जागा आपोआप सुटायची.

तिला दवाखान्याची भीती नव्हती याचं कारणही गल्लीला माहीत होतं. तिची गर्भपिशवी तरुणपणीच काढलेली. मुलगा तौसिफ झाला, त्यानंतर दोनदा दिवस गेले आणि पडले, पोट सारखं दुखायचं, ताप यायचा. शेवटी डॉक्टर म्हणाला, पिशवी सडली आहे, काढून टाकू. ती का सडली हे त्यानं सांगितलं नाही आणि हिनंही विचारलं नाही. दूध नासतं, तशी पिशवी सडली.

नंबर आला. लेडी डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येत, म्हणून त्या दिवशी गर्दी. डॉक्टरांच्या खोलीशेजारी पार्टिशन घातलेल्या जागेत रंजनाबेन बसायची. शिरपूरची पोरगी, तिशीची, समुपदेशक. हा शब्द कुणालाच म्हणता येत नसल्यामुळे सगळ्या तिला नुसतं बेन म्हणत. तिनं दोघींना पाहिलं आणि सुग्राबीला खुर्ची दाखवली.

"मावशी, तुम्ही इथंच बसा. आज तस्लीम एकटी आत जाईल."

"ती बोलत नाही," सुग्राबी म्हणाली.

"बघू की."

पडद्यामागं डॉक्टर होत्या, रंजना गेली, तस्लीम गेली. सुग्राबी बाहेर. असं कधी झालं नव्हतं. भिंतीवर कुटुंबनियोजनाच्या चित्रातला नवरा, बायको आणि दोन मुलं तिच्याकडं बघून हसत होती. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग तस्लीमचा आवाज यायला लागला, हळू, पण न थांबता. शब्द कळत नव्हते. घरात दोन वर्षांत ही पोरगी सलग इतकं बोललेली सुग्राबीनं ऐकली नव्हती. हिच्याजवळ एवढं आहे काय सांगण्यासारखं, या विचारानं तिला थोडा रागही आला.

बाहेर आल्यावर रंजनानं तस्लीमला बसवलं, स्वतः समोर बसली.

"मावशी, तुमच्या गल्लीतले सगळे नवरे औषध घेतात. इतके गुणी नवरे मी अख्ख्या सुरतेत पाहिले नाहीत." ती हसत नव्हती. "बाया मात्र महिना-दोन महिन्यांनी परत येतात. तेच दुखणं, तेच औषध. तौसिफचं पाकीट कुठं गेलं?"

"घेतलं त्यानं."

रंजनानं तस्लीमकडं पाहिलं. तस्लीमनं फरशीकडं पाहत, शाळेत उत्तर द्यावं तशा स्वच्छ मराठीत सांगितलं, "मेहरुनभाभीला दिलं. आधीचंसुद्धा."

या दुखण्यासाठी दवाखान्यातून दोन पाकिटं मिळत. एक बाईचं, एक तिच्या नवऱ्याचं. रंजना प्रत्येकीला समजावून सांगायची. प्रत्येक बाई मान हलवायची. गल्लीत त्याला 'नवऱ्याचं पाकीट' असंच नाव होतं आणि ते नवऱ्याला द्यायचं नसतं हेही सगळ्यांना माहीत होतं. ही रीत सुग्राबीनंच पाडलेली.

तिलाही कारण होतं. काही वर्षांपूर्वी गल्लीतल्या बिलकीसनं, डॉक्टरनं सांगितलं म्हणून, ते पाकीट नवऱ्यापुढं ठेवलं. त्यानं विचारलं, कसलं? तिनं सांगितलं. तो म्हणाला, मला काही झालेलं नाही, म्हणजे तूच कुठून तरी आणलं असणार. त्यानं हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. थोडे दिवस आईकडं जाऊन ये म्हणाला. पुढच्या ईदला बिलकीसच्या चुलीवर दुसरीच बाई शेवया भाजत होती. दवाखान्यात बिलकीससोबत सुग्राबीच गेली होती. त्यानंतर दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती बाईकडून दुसरं पाकीट मागून घ्यायची आणि घरी खड्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. ज्यांना घरून दवाखान्यात जायची परवानगीच नव्हती, अशा बायांना त्यातलं द्यायची. मेहरुन त्यातली, तिच्या नवऱ्याला पुरुष डॉक्टरची भीती, आणि लेडी डॉक्टर कोणत्या दिवशी असते हे ऐकून घ्यायला वेळ नाही. औषध वाया जात नव्हतं, संसार मोडत नव्हता, कुणी उघडं पडत नव्हतं. बाया चार दिवस बऱ्या व्हायच्या आणि सुग्राबीच्या हाताला गुण आहे म्हणायच्या. पुन्हा दुखायला लागलं की आपल्याच नशिबाला दोष द्यायच्या.

"मावशी, आजार दोघांत असतो," रंजना म्हणाली. "एकीनं औषध घ्यायचं आणि दुसऱ्यानं नाही, म्हणजे फाटक्या छपराखाली पुसत बसायचं. हिच्या पोटातल्या नळ्यांना सूज आली आहे. अशीच पुन्हा पुन्हा येत राहिली तर त्या बंद होतील. मग मूल राहणार नाही. त्याच्या पुढं काय काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको."

"पण त्याला काही नाही. धडधाकट आहे तो."

"पुरुषाला पुष्कळदा कळतच नाही. आणि कळलं तर गुपचूप कुठं तरी सुई टोचून घेतो नि मोकळा होतो. घरी सांगत नाही." रंजनानं ड्रॉवर उघडला. "आणि हे काही तुमच्यातच आहे असं नाही. सकाळी दोघी आल्या होत्या कुंकवाच्या, त्यांचेही नवरे फार गुणी आहेत."

सुग्राबीचा हात सवयीनं पुढं झाला होता. रंजनानं पाकिटं दिली, पण दुसरं हातात देताना लगेच सोडलं नाही. नियमानं तौसिफला इथं बोलवायला हवं, ती म्हणाली. तो येणार नाही हे मलाही ठाऊक आहे. म्हणून देते. पण हे लपूनछपून द्यायचं नाही, तोंडानं सांगून द्यायचं.

"दुधात घालून दिलं तर?"

"गोळी विरघळेल. पण आठवडाभर दोघांनी लांब राहायचं आहे, ते दुधात कसं विरघळवणार? त्याला सांगावंच लागेल, का लांब राहायचं ते."

बाहेर धुरपदाबाई तेलाची नवी बाटली घेऊन बसली होती. कमजोरीवर काय दिधं, तिनं विचारलं. गोया दिध्यात, सुग्राबी म्हणाली, आणि न थांबता पुढं गेली.

परतताना दोघी रिक्षात बसल्या नाहीत. खाडीच्या कडेनं चालत निघाल्या. प्रोसेसिंगच्या कारखान्यातलं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. तस्लीम एक पाऊल मागं चालत होती.

"घरचं बाहेर कशाला सांगितलं?" सुग्राबीनं मागं न पाहता विचारलं.

"त्यांनी विचारलं," तस्लीम म्हणाली. आणि मग, "पहिल्यांदाच कुणी मला विचारलं, अम्मी."

सुग्राबी फारसं ऐकत नव्हती. तिच्या डोक्यात रंजनाचं एकच वाक्य फिरत होतं, गुपचूप टोचून घेतलेल्या सुईचं, आणि त्याच्याबरोबर एक उन्हाळा. तौसिफ तेव्हा रांगत होता. तिचा नवरा याकूब ट्रकवर होता, भिवंडीची खेप करून आला होता. दोन-तीन दिवस तो पालथाच झोपला. बसता येईना, जेवायलाही कुशीवर टेकून. गळू झालंय म्हणाला. तिनं हळदीचं पोटीस करून आणलं, तर हात लावू देईना. नंतर धुवायच्या कपड्यांत तिला कापसाचा बोळा सापडला, स्पिरिटचा वास येणारा. गळवाला स्पिरिट लावलं असेल, असं तिनं धरलं. कापूस मात्र चांगला नव्हता, आखूड धाग्याचा, बापानं हातात धरला नसता. एवढंच काय ते तिच्या लक्षात राहिलं होतं. त्याच वर्षी तिचं पोट दुखायला लागलं.

खाडीवरच्या पुलाशी ती थांबली. तस्लीमला वाटलं सासूला दम लागला. तिनं हात पुढं केला. सुग्राबीनं तो धरला आणि पूल ओलांडून झाला तरी सोडला नाही.

घरी याकूब खाटेवर होता. ट्रक सुटून बरीच वर्षं झाली, आता कंबर धरलेली. दिवसभर दारातल्या खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम घेणं एवढंच काम. स्वभावानं गरीब. गल्लीत कुणाशी भांडण नाही, बायकोवर कधी हात टाकलेला नाही. सुग्राबीनं तस्लीमला चहा ठेवायला सांगितलं आणि त्याच्याजवळ बसून, जितकं झाकून सांगता येईल तितकं झाकून सांगितलं. दोघांनाही औषध घ्यायचं आहे, तौसिफलाही. बापानं मुलाच्या कानावर घातलेलं बरं. आईनं कसं बोलायचं?

याकूब ऐकत होता. 'दोघांनाही' हा शब्द आला तेव्हा त्यानं समोरच्या नळावरून नजर काढली आणि पायाच्या बोटांकडं पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला नाही, हे सुग्राबीनं पाहिलं. कुठलीही गोष्ट त्याला दोनदा समजवावी लागायची. ही नाही लागली.

"बाईमानूसनी बिमारी," तो म्हणाला. "तस्लीमले थोडा दिन नंदुरबारले धाडी दे. मायजोडे आराम पडी."

थोडे दिवस म्हणजे किती, हे गल्लीत बिलकीसपासून सगळ्यांना माहीत होतं. सुग्राबीला वाटलं होतं तो विसरेल. पण संध्याकाळी त्यानंच तौसिफला फोन लावला. तौसिफ कडोदऱ्याला लूमवर होता. आठवडाभर तिकडंच चौघांत मिळून घेतलेल्या खोलीवर राहायचा, सुट्टीच्या दिवशी घरी यायचा. तस्लीमची तब्येत सुधारत नाही, माहेरी थोडी विश्रांती मिळेल, याकूब म्हणाला. तौसिफ हो म्हणाला. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या गाडीनं उधन्याहून स्वतः सोडून येतो म्हणाला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळं तस्लीमला वेगळं सांगावं लागलं नाही. तिनं माळ्यावरची बॅग काढली, पुसली आणि भरायला घेतली. पलंगपोसाची घडी जितक्या काळजीनं घालायची तितक्याच काळजीनं. फक्त आपलं औषध घेतलं का, असं सुग्राबीनं विचारलं तेव्हा म्हणाली, घेतलं. पण काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया सुग्राबीच्याच घरात खडे चिकटवायला बसल्या. मेहरुन सुग्राबीला खेटून बसली. चिमट्यानं खडा उचलत हळूच म्हणाली, खाला, फिर से शुरू हो गया. डिब्बे में कुछ है क्या?

डब्यात होतं. गल्लीतलं शेवटचं पाकीट होतं, तौसिफचं.

"नाही," सुग्राबी म्हणाली.

मेहरुनला नवल वाटलं. ती डब्याकडं पाहत राहिली, मग तस्लीमच्या बॅगेकडं, आणि तिला सगळं उमगलं. मेहरुन काही खुळी नव्हती. तिनं सुग्राबीच्या कानाशी लागून उपाय सांगितला. दूध में घोल दो खाला. लडका पी जाएगा, पता भी नहीं चलेगा. मी माझ्याला असंच जंताचं औषध दिलं होतं. आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली, यांना काहीही द्यायचं असेल तर दुधातूनच द्यावं लागतं, अक्कलसुद्धा. सुग्राबीही हसली. मग तिनं मेहरुनला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की माझ्या डब्यातलं औषध तुला लागू पडणार नव्हतंच. ते तुझ्या नवऱ्यानंही घ्यायचं होतं. हसणं थांबलं. चिमटे मात्र चालू राहिले. कुणी कुणाकडं पाहिलं नाही, आणि त्या सकाळी एका साडीवर खड्यांची ओळ वाकडी गेली.

सुट्टीच्या दिवशी तौसिफ सकाळीच आला. त्यानं बापासाठी कंबरेचा पट्टा आणला होता, आईसाठी फरसाण, आणि तस्लीमसाठी केसांचा चाप, मोत्यांचा. तो त्यानं तिच्या हातात न देता भरलेल्या बॅगेवर ठेवला. वाईट पोरगा नव्हता. बायको जाणार म्हणून त्याचा चेहरा उतरला होता, आणि का जाणार हे कुणी विचारू नये अशी काळजीही त्याच चेहऱ्यावर होती. सुग्राबीनं त्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. तो अगदी बापावर गेला होता.

तिनं खलबत्ता काढला होता. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर दुधाचा पेला, त्याच्याशेजारी खलबत्ता, त्याच्याशेजारी पाकीट. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग दूध तिनं चहाच्या पातेल्यात परत ओतलं.

जेवण लवकर वाढलं, गाडी चुकू नये म्हणून. दस्तरखान अंथरला, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, गावाकडं करतात तसं. याकूब खाटेवरून उतरून भिंतीला टेकून बसला, नवा पट्टा बांधून. तौसिफ त्याच्या समोर. तस्लीम बुरखा घालून तयारच होती, चेहरा उघडा. ती वाढत होती. बॅग उंबऱ्याशी.

सुग्राबीनं तौसिफच्या ताटाशेजारी पाकीट ठेवलं आणि पाण्याचा पेला ठेवला.

"अम्मी, ये क्या है?" तौसिफनं विचारलं. तो घरात हिंदीच बोलायचा, आई-बापाची बोली त्याला फक्त समजायची.

सुग्राबीनं तोंड उघडलं आणि तिला शब्द सापडेना. इतक्या बायांचं ती इतकी वर्षं बोलत आली होती. पण ते बोलणं दुसऱ्यांचं होतं, आणि ऐकणारी डॉक्टर होती.

"ताकतनी गोयी व्हई," याकूब म्हणाला. तो भाकरी मोडत होता. आवाज सहज होता, दयाळूसुद्धा. "तुनी माय काळजी करस. खाई टाक, इचारू नको."

तौसिफला सुटल्यासारखं झालं. त्यानं पाकिटाकडं हात नेला. तस्लीम कट्ट्यापाशी पाठमोरी होती. ती वळली नाही, फक्त भांड्यातला चमचा फिरायचा थांबला.

"ताकतनी नही," सुग्राबी म्हणाली. "बिमारीनी शे."

तौसिफचा हात तिथंच राहिला. त्यानं नकळत तस्लीमकडं पाहिलं.

"तिनाकडे नको देखू. तिनी काही करं नही. बिमारी तुनी शे, तिले तुनापासून लागनी. तू गोया खाशी, आठ दिन दूर ऱ्हाशी, आन् ती कथीच जावाव नही."

"सुग्रा," याकूब म्हणाला. मुलासमोर त्यानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती.

सुग्राबीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती मुलाकडंच पाहत होती, आणि आवाज दवाखान्यात कुणाचं तरी दुखणं सांगावं तसा होता, सावकाश, एकेक शब्द सुटा.

"मनी पिशवी गई ना, ती सडनी नही व्हती. तुना बापनी बिमारीमा गई. त्यानी सुई टोची लिधी, आन् माले सांगं नही."